नाल्याचं काळं पाणी : नमुना कोणी घेतला, यावर दावा उभा राहतो

प्रश्न : पंचगंगेच्या काठी, शिरोळ तालुक्यात माझी तीस गुंठे भाजी आहे. एप्रिलमध्ये बंधाऱ्यामागचं पाणी काळं पडलं, मासे तरंगले. तेच पाणी मोटारीने दिल्यावर वांगी करपली. मी बाटली भरून ठेवली आणि पाच दिवसांनी खासगी प्रयोगशाळेत दिली. कारखाना म्हणतो घाण शहराची, पालिका म्हणते कारखान्याची. दावा कोणावर लावू?

उत्तर : दोघांवर लावा, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळालाही प्रतिवादी करा. घाण कुणा एकाची ठरवता येत नसेल, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० च्या कलम १७ प्रमाणे भरपाईची जबाबदारी सगळ्यांत न्याय्य वाटून देता येते. शिवाय त्यांची चूक सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर नाही. तुम्हाला सिद्ध करायचंय ते नुकसान आणि त्याचा नाल्यातून नदीत येणाऱ्या घाणीशी असलेला संबंध.

खरी अडचण तुमच्या बाटलीची आहे. पाच दिवस गरमीत राहिलेल्या बाटलीत जिवाणू सेंद्रिय घाण खात राहतात, त्यामुळे बीओडी (घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाल्ला जातो त्याचं माप) खऱ्यापेक्षा कमी दिसतो, म्हणजे फायदा घाण सोडणाऱ्याचाच. नमुना बर्फात, चार अंश सेल्सिअसला ठेवून चोवीस तासांत तपासायला द्यायचा असतो. विरघळलेल्या प्राणवायूसाठी तर काठावरच रसायन घालून तो पक्का करावा लागतो. हा अहवाल फेकू नका, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका.

जलप्रदूषण कायदा, १९७४ च्या कलम २१ प्रमाणे सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने घ्यायचा, सांडपाणी सोडणाऱ्याला तिथेच नोटीस द्यायची, त्याच्या समक्ष दोन भाग करून सील करायचे, दोघांच्या सह्या घ्यायच्या. यातलं काही चुकलं तर तो अहवाल पुराव्यात चालत नाही. कित्येक चांगली प्रकरणं इथेच पडतात, याचं फार वाईट वाटतं. म्हणून मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयाला लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि नमुना नाल्याच्या तोंडाशी व कारखान्याच्या निकासाशी घ्या असं स्पष्ट लिहा. नदीत सोडायच्या सांडपाण्याला बीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. तुलना तिच्याशी होईल.

घाई करा. बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेल्या बंधाऱ्यामागे उन्हाळ्यात प्रवाहच नसतो, नाल्याचं पाणी आहे तसं साचतं. पहिल्या पावसात नाल्यातला गाळ एकदम येतो, आणि जुलैत पूर आला की तीच नदी कागदावर निर्दोष दिसते.

पिकाचा पंचनामा तलाठी आणि कृषी सहायकाकडून आजच करून घ्या. सातबारा, पीकपेरा, पाणी परवाना, बियाणं-खतांच्या पावत्या आणि बाजार समितीच्या जुन्या विक्री-पट्ट्या जोडा. करपलेलं झाड उपटण्याआधी, मोटार आणि पाणी एकाच चौकटीत दिसेल असा फोटो काढा.

मुदतीत गल्लत करू नका. नाला बंद करा, अशी मागणी हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १४ खाली, कारण घडल्यापासून सहा महिन्यांत. पिकाची भरपाई कलम १५ खाली, पाच वर्षांत. दोन्हीला पुरेसं कारण असेल तरच साठ दिवस वाढवून मिळतात. अर्ज न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय पीठाकडे जातो. भरपाईच्या अर्जाला मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, किमान एक हजार रुपये शुल्क. कामकाज इंग्रजीत चालतं, म्हणून पंचनाम्याचं भाषांतर सोबत ठेवा.

फौजदारी तक्रार स्वतः करायची असेल, तर जलप्रदूषण कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे मंडळाला आधी साठ दिवसांची नोटीस द्या. तक्रार दाखल केल्यावर मंडळाकडचे अहवाल मागण्याचा हक्कही त्याच कलमात आहे.