पणजीचा पिनकोड घे आणि वही उघड

बाय, तुझा मेसेज वाचला. मोठ्या आकड्यांचे प्रकार तू पाठ केलेस, कुठला मूळ, कुठला हर्षद, कुठला न्यून, सगळं तोंडपाठ, चांगलंय, पण त्यातला एक तरी आकडा तू स्वतः तपासलास का गं? नसेल तर पणजीचा पिनकोड घे, ४०३००१, आणि बस वही घेऊन.

ह्याला कोणाचा भाग जातो का ते बघायला ६३५ च्या खालचे मूळ आकडे पुरे होतात, कारण ६३५ चा वर्ग ४०३२२५, तो पुढे गेलाच, आणि एखादा मोठा भाजक असलाच तर त्याचा जोडीदार लहान असणार, तो आधीच हाताला लागला असता. असे मूळ आकडे ११५ आहेत. होय, ११५ भागाकार, कॅल्क्युलेटरवर केलेस तरी चालेल पण एकेक करून. थोडं डोकं वापरलंस तर काही लगेच सुटतात. गोव्याचे पिन ४०३ ने सुरू होतात आणि ४०३ म्हणजे १३ गुणिले ३१ (उलटसुलट तेच अंक, मला हे फार आवडतं), म्हणून ह्या दोघांसाठी शेवटचे तीनच अंक बघायचे. पणजीचे ००१, बाकी १ उरली, दोघेही गेले. म्हापशाचे ५०७ म्हणजे १३ गुणिले ३९, तर ४०३५०७ ला १३ ने भाग जातो, विषय संपला. फोंड्याच्या ४०३४०१ ची अंकबेरीज १२, तिथे ३ नेच काम होतं.

पणजीचा मात्र ११५ पैकी कोणालाच दाद देत नाही. तो मूळ आहे. आणि दोनने पुढचा ४०३००३, तोही मूळ! जोडमूळ जोडी, आणि रोज पत्त्यात लिहितो आपण त्यातला एक.

आता ह्या जुळ्यांत फरक बघ. २९९ चा वर्ग अधिक ५६० चा वर्ग, कर बेरीज, बरोबर ४०३००१ येतात. ४०३००३ चं असं कधीच होणार नाही, कितीही शोध. कारण कुठल्याही वर्गाला ४ ने भागलं की बाकी ० किंवा १, मग दोन वर्गांच्या बेरजेत ३ उरणार कुठून, आणि ४०३००३ ची बाकी नेमकी ३ आहे. उलट ज्या मूळ संख्येची बाकी १ ती दोन वर्गांत मांडता येतेच आणि एकाच प्रकारे, हे फर्मा ह्या फ्रेंच गणितीने १६४० साली एका पत्रात लिहिलं होतं, सिद्धता पुढे ऑयलर ह्या स्विस गणितीने दिली. हा भाग घाई न करता वाच.

हर्षद हे नाव आपल्या देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी दिलेलं, अंकबेरजेने भाग गेला की हर्षद. पणजीची बेरीज ८ आणि आकडा विषम, म्हणजे नाही. न्यून म्हणजे स्वतःला सोडून बाकीच्या भाजकांची बेरीज आकड्यापेक्षा कमी, ती तर प्रत्येक मूळ संख्या असतेच, त्यात वेगळं काही नाही.

मडगावचा ४०३६०१ तुझ्यासाठी ठेवलाय. सगळ्या बाक्या लिहून पाठव, खोडलेल्या सुद्धा, आणि चुकलीस तर पान फाडू नको.