अँटेना तिकडे, पहारा इकडे : स्कॅनर फीडबद्दल खानदेशातल्या वाचकांचे प्रश्न

पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांचं वायरलेसवरचं बोलणं स्कॅनर रेडिओवर पकडायचं आणि इंटरनेटवरून कुणालाही ऐकता येईल असं चोवीस तास सोडायचं, याला फीड चालवणं म्हणतात. अमेरिकेत हा छंद जुना आहे. या वेळच्या गठ्ठ्यात त्यावरची पत्रं बरीच निघाली. नावं गाळली आहेत, गाव तेवढं ठेवलं आहे.

चोपडा : तापीला पूर आला की हतनूर धरणाचे किती दरवाजे उघडले ते नदीकाठच्या गावांना उशिरा कळतं. वायरलेसवर ते आधीच बोललं जात असेल. संगणकाला लावायचा, वायरलेस पकडणारा यूएसबी डोंगल आणून पोलीस आणि अग्निशमनचं बोलणं गावाला मोबाइलवर ऐकवलं तर?

नाही. ऐकवायचं तर नाहीच, पकडायचंही नाही. दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम ४२ प्रमाणे बेकायदा संदेश पकडण्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. हे कलम २६ जून २०२४ पासून लागू आहे. हेतू चांगला होता, हा बचाव त्यात नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी कल्पना धोक्याचीच आहे. वायरलेसवर निर्णय कमी आणि विचारणा जास्त चालते. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. ‘वीस उघडायचे का?’ ही विचारणा गावात पोहोचेपर्यंत ‘वीस उघडले’ अशी होते आणि लोक गुरं सोडायला नदीकडे धावतात. विसर्गाचे क्युसेकमधले आकडे जलसंपदा विभाग आणि जिल्हा प्रशासनाकडून घ्यायचे, मदत लागली तर ११२ लावायचा.

अमेरिकेत हे चालतं, कारण तिथल्या १९८६ च्या कायद्याने सर्वांना सहज ऐकू येणारं, म्हणजे कूटबद्ध नसलेलं, पोलीस-अग्निशमनचं बोलणं ऐकायला मोकळीक दिली आहे. ब्रिटनमध्ये २००६ च्या वायरलेस कायद्याने तेही बंद आहे. तेव्हा फीडचा विचार करताना पहिला प्रश्न एकच : अँटेना कोणत्या देशात उभी आहे?

भुसावळ : रेल्वेच्या दूरसंचार खात्यातून निवृत्त झालो. लेक पेनसिल्व्हेनियात असते. तिच्या घरी जुना टेबल-स्कॅनर पडून आहे आणि तिच्या काउंटीच्या अग्निशमनची फीड कुणी चालवत नाही. ती सामान मांडून देईल, रोजची देखभाल मी इथून करीन. काय काय लागेल?

जोडी उत्तम आहे. तुमच्याकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा तिच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेआठ असतात. म्हणजे ती कामावर गेली की पहारा तुमचा.

सामान फार नाही. स्कॅनर, रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक (चारपर्यंतचा कोणताही मॉडेल चालेल, पुढे त्याला नुसतं ‘पाय’ म्हणू), त्याचा स्वतःचा अडॅप्टर, माइकचं भोक असलेलं यूएसबी साउंड कार्ड, एक केबल आणि बाहेर लावायची अँटेना. तिथल्या ग्रामीण भागात अग्निशमनचं बोलणं पुष्कळदा १५० ते १६० मेगाहर्ट्झमध्ये असतं. १५५ साठी पाव तरंगलांबीची दांडी साधारण ४६ सेंटिमीटर भरते. ती पोटमाळ्यावर उभी केली तरी खिडकीतल्या रबरी अँटेनापेक्षा भारी पडते.

आता केबल. सगळा घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर. टेबल-स्कॅनरच्या मागे ‘रेकॉर्ड आउट’ असेल तर आवाज तिथूनच घ्या. त्याची पातळी ठरलेली असते, व्हॉल्यूमचं बटण फिरवलं तरी हलत नाही. इअरफोनच्या भोकातून घेतला तर घरातलं कुणीतरी आवाज कमी करणार आणि फीड मुकी होणार. तोच मार्ग असेल तर व्हॉल्यूम एक तृतीयांशावर ठेवून बटणावर चिकटपट्टी मारा.

साउंड कार्डचं भोक माइकसाठी असतं, आणि स्कॅनरचा आवाज त्याच्या मानाने फार मोठा. सरळ जोडला तर फाटतो. मध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत, त्यापुढे १ किलोओहमचा जमिनीकडे घाला : आवाज अकरा पटीने, म्हणजे साधारण २१ डेसिबलने उतरतो. माइकच्या भोकातून थोडा डीसी व्होल्टेजही बाहेर येत असतो. तो अडवायला या जोडाच्या आणि माइकच्या मध्ये १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सोल्डर करा. एवढं करूनही ‘गूंऽऽ’ असा आवाज राहिला तर स्कॅनर आणि पाय यांच्या अर्थिंगचा फेरा झाला आहे. ६००:६०० ओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर मध्ये टाकला की तो तुटतो. प्लगही तपासा. स्कॅनरचं भोक मोनो आणि प्लग स्टिरिओ असला तर एक बाजू जमिनीला टेकते.

पुढचं काम तुमचं. पायवर डार्कआइस हा आवाज एमपी३ करून सर्व्हरला पाठवणारा प्रोग्राम घाला. सेटिंग : एक चॅनेल, २२०५० हर्ट्झ सॅम्पलिंग, १६ बिट, एमपी३, स्थिर १६ किलोबिट प्रतिसेकंद. वायरलेसचा आवाज ३०० ते ३००० हर्ट्झच्या आतबाहेरच असतो, त्याला याहून जास्त देणं म्हणजे डेटा वाया घालवणं. सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, पासवर्ड आणि माउंट पॉइंट (सर्व्हरवरची तुमच्या फीडची जागा) हे फीड प्रसारित करणारं संकेतस्थळ देतं, ते जसंच्या तसं भरा.

दोन खोडी आधीच सांगतो. स्वस्त यूएसबी कार्डं २२०५० हर्ट्झवर चालतच नाहीत, त्यांना ४४१०० किंवा ४८००० लागतं. सेटिंगमध्ये साउंड कार्डाच्या नावात ‘एचडब्ल्यू’ लिहिलंत तर प्रोग्राम कुरकुरत बंद पडतो. ‘प्लगएचडब्ल्यू’ लिहा, मग रूपांतर आपोआप होतं. आणि कार्डाला क्रमांकाने नाही, नावाने बोलवा. पाय पुन्हा सुरू झाला की कार्ड क्रमांक एकवरून दोनवर जातं आणि तुम्ही भुसावळात बसून मुकी फीड ऐकत राहता.

पायवरचा आवाजाची पातळी ठरवणारा अल्सामिक्सर उघडून ‘ऑटो गेन कंट्रोल’ बंद करा, मग ते सेटिंग जतन करा. ते चालू राहिलं तर कुणी बोलत नसताना कार्ड खरखर वर खेचतं आणि पहिला शब्द ऐकणाऱ्याच्या कानात फटाक्यासारखा फुटतो. मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा.

इथून पायवर जायला वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखा खासगी बोगदा वापरा. लेकीच्या राउटरवर २२ क्रमांकाचं (दुरून प्रवेशाचं) पोर्ट जगाला उघडं टाकू नका. पासवर्ड बंद, किल्लीनेच प्रवेश. पायची वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर ठेवली तर दोघांच्या घड्याळांचा हिशोब जुळवत बसावं लागत नाही.

सावदा : सरावासाठी घरीच जोडणी केली आहे. एफएम रेडिओचा आवाज पायला दिला, फीड ऐकणाऱ्यांना वाटणारा आइसकास्ट सर्व्हर लॅपटॉपवर, ऐकतो फक्त घरच्या वाय-फायवर. वाय-फाय क्षणभर गेलं की फीड तुटते. लगेच जोडायला गेलं तर सर्व्हर ४०३ (प्रवेश नाही) दाखवतो, माउंट पॉइंट वापरात आहे म्हणतो. वापरात कुणीच नाही. आते काय करानं, तेवढं सांगा.

जुनी जोडणी मेली हे सर्व्हरला अजून कळलेलंच नाही. आइसकास्ट स्रोताकडून काही आलं नाही तरी ठरावीक वेळ थांबतो. मूळ सेटिंगमध्ये ही वेळ १० सेकंद असते. तेवढ्यात तुमचा पाय त्याच दारावर परत आला की ‘आत कुणीतरी आहे’ म्हणून तो हाकलतो. पायवरचे प्रोग्राम सुरू ठेवणाऱ्या सिस्टमडीच्या सर्व्हिस फाइलीत ‘रीस्टार्ट’ समोर ‘ऑलवेज’ आणि ‘रीस्टार्टसेक’ समोर १५ लिहा. पंधरा सेकंद थांबून गेलं की जागा मोकळी असते.

याच १० सेकंदांची दुसरी बाजूही बघा. काही प्रोग्राम कुणी बोलत नसेल तेव्हा पाठवणंच थांबवतात. सर्व्हर दहा सेकंद वाट बघून फीड तोडतो आणि ऐकणारे बाहेर पडतात. शांततासुद्धा एमपी३ करून पाठवावी लागते. आवाज ओळखून पाठवण्याची सोय, म्हणजे व्हॉक्स, असेल तर ती बंद ठेवा.

एफएमचा सराव घरापुरताच ठेवलात हे योग्य केलंत. आकाशवाणीचा कार्यक्रम बाहेर सोडला तर तो हक्कांचा वेगळाच मामला होतो.

धुळे : सरावाची जोडणी पत्र्याच्या खोलीत आहे. दुपारी आवाज अडखळतो आणि कूलर लावला की खरखर येते. सकाळी दोन्ही नसतं.

अडखळणं उन्हाचं आहे. पाय ८० अंशांना स्वतःचा वेग उतरवू लागतो आणि ८५ ला आणखी आवळतो. मे महिन्यात पत्र्याखाली हवाच ४५ च्या पुढे असते, बंद डबीत तो आकडा गाठायला वेळ लागत नाही. डबीचं झाकण काढा, हीटसिंक लावा आणि पाय भिंतीच्या खालच्या अंगाला, जमिनीपासून हातभर वर ठेवा. कूलरच्या झोताखाली मात्र नको, ओल धरते. पडद्यावर पिवळ्या विजेची खूण, म्हणजे वीज कमी पडल्याचा इशारा, दिसत असेल तर मोबाइलचा चार्जर फेकून मूळ अडॅप्टर लावा. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात.

खरखर कूलरच्या मोटारीची, पंपाची की पंख्याच्या रेग्युलेटरची, हे ओळखायला महागडं यंत्र नको. खिशातला ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेल्या जागी लावा आणि एकेक वस्तूजवळ न्या. जिथे तो ओरडेल तो चोर. एलईडी बल्ब आणि स्वस्त चार्जर यात बहुतेक वेळा सापडतात. सापडलेल्या वस्तूच्या वायरीला फेराइटच्या (खरखर अडवणाऱ्या पदार्थाच्या) कड्यात चार-पाच वेढे द्या आणि पायचं कनेक्शन वेगळ्या बोर्डावरून घ्या.

अमळनेर : भाऊ शिकागोजवळ राहतो. त्याच्याकडे साधा आरटीएल-एसडीआर डोंगल आहे. डिजिटल चॅनेलवर आवाज तुकड्या-तुकड्यांत येतो, सिग्नलच्या काड्या मात्र भरलेल्या. अँटेना बदलावी का?

अँटेना बदलण्याआधी दोन गोष्टी पाहा. पहिली, डोंगलची चूक. टीसीएक्सओ (तापमान बदललं तरी फ्रीक्वेन्सी न हलू देणारा भाग) नसलेले स्वस्त डोंगल ५० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाखांत ५० भागांपर्यंत, सरकलेले असू शकतात. ४६० मेगाहर्ट्झवर ५० पीपीएम म्हणजे २३ किलोहर्ट्झ. तिथे चॅनेलची रुंदी १२.५ किलोहर्ट्झ असेल तर डोंगल शेजाऱ्याच्याही पुढच्या घरात जाऊन ऐकतो आहे. टीसीएक्सओ असलेला, १ पीपीएमच्या आतला डोंगल घेतला की चूक ५०० हर्ट्झच्या आत येते.

दुसरी, सायमलकास्ट. मोठ्या शहरात एकच बोलणं अनेक मनोऱ्यांवरून एकाच वेळी, एकाच फ्रीक्वेन्सीवर सोडतात. दूरचा सिग्नल काही मायक्रोसेकंद उशिरा येतो, दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि आकडे चुकतात. सिग्नल भरपूर, अर्थ शून्य. इथे मोठी अँटेना लावली तर आणखी मनोरे ऐकू येतात आणि दुखणं वाढतं. दिशा असलेली यागी एका मनोऱ्याकडे रोखायला सांगा. किंवा उलट, अँटेना खिडकीतून काढून आतल्या भिंतीजवळ ठेवायला सांगा. आमच्या मते आधी हे फुकटचं करून पाहावं. डोंगलवरून डिजिटल बोलणं उलगडणाऱ्या एसडीआरट्रंक या प्रोग्राममध्ये सायमलकास्टसाठी ‘एलएसएम’ पर्याय असतो, तो निवडलेला आहे का तेही पाहा.

शिकागो पोलिसांचंच बोलणं हवं असेल तर ते थेट मिळणार नाही. २०२२ पासून तिथे कूटबद्ध चॅनेल आले आणि लोकांसाठी ते ३० मिनिटं उशिराने सोडतात. डेन्व्हरने २०१९ मध्येच दार लावलं, न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ मध्ये सुरुवात केली. कूटबद्ध बोलणं उलगडण्याचा प्रयत्न तिथेही गुन्हा आहे. म्हणून नवी फीड अग्निशमनची काढावी, ती अजून पुष्कळ ठिकाणी उघडी आहे.

नंदुरबार : फीडला डेटा किती लागतो? मोबाइलच्या नेटवर चालेल का?

१६ किलोबिट म्हणजे सेकंदाला २ किलोबाइट. तासाला ७.२ मेगाबाइट, दिवसाला सुमारे १७३, महिन्याला साधारण ५.२ गिगाबाइट. पाठवायला मोबाइलचं नेट पुरतं, कारण जोडणी आतून बाहेर जाते. स्वतःचा सर्व्हर मात्र त्यावर चालत नाही. कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते, त्यामुळे बाहेरून तुमच्या दारापर्यंत कुणी येऊ शकत नाही.

शिरपूर : इथे राहून वायरलेसवर कायदेशीर काही करायचं असेल तर?

हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढा. बारा वर्षं पूर्ण झाली की केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देता येते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीचा कॉलसाइन (हवेतलं ओळखनाव) व्हीयू३ ने सुरू होतो, जनरलचा व्हीयू२ ने. हॅमसाठीचा दोन मीटर तरंगलांबीचा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा आहे. वर भुसावळकरांना सांगितलेली दांडी १४५ साठी ४९ सेंटिमीटरची करा, पन्नासची कापून एकेक मिलिमीटर घासत या. आधी ४९ ची कापली तर ती पुन्हा वाढत नाही.