बुडालं तर खायचं काय?

"धंदा करायचाय, पण हिंमत होत नाही." नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडच्या बचत गटांत बसलं की हे वाक्य हमखास कानावर येतं. मीही बरीच वर्षं हिंमत द्यायचंच काम करत होते. सखूबाईने (नाव बदललंय) ती सवय मोडली.

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची ही बाई. भात-नागलीची (नागली म्हणजे नाचणी) काढणी झाली की नवरा-बायको टोळीबरोबर दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या कामाला जातात. तिचे नागलीचे पापड गावात नावाजलेले. मी उत्साहाने मुद्रा योजना समजावली: २०१५ पासून आहे, शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज, तारण लागत नाही. ती मान डोलवत राहिली आणि पुढच्या दोन बैठकींना आलीच नाही.

तिसऱ्यांदा भेटली तेव्हा मी योजनेचं नाव काढलं नाही. "बुडालं तर पहिल्या दिवशी काय होईल?" एवढंच विचारलं.

"ताई, पापडाला ऊन लागतं, ना? उन्हाचे दिवस म्हणजे बागेत कामाचे दिवस. मी घरी राहिले तर एका माणसाची मजुरी गेली. उचल (आगाऊ मजुरी) तर दिवाळीतच घेतलेली, ती कोण फेडणार? आणि पापडाला नागली घालायची ती घरात खायचीच."

हिला मी भित्री समजत होते! तिचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का होता. ज्याच्या घरात दोन महिन्यांचं धान्य शिल्लक असतं, त्याला धोका पत्करणं सोपं जातं.

मग आम्ही कर्ज बाजूला ठेवलं. त्या वर्षी ती बागेत गेलीच, उचल फिटल्यावर चैत्रात परतली. खाण्यापुरती नागली आधी वेगळी काढली आणि उरलेल्यातली फक्त आठ किलो पापडाला घेतली. हे सगळं वाया गेलं असतं तरी चूल थांबली नसती. पापड वणीच्या गडावर चैत्रोत्सवात आणि आठवडे बाजारात खपले.

तरी चेहरा पडलेलाच. सहाशे रुपये उधारीत अडकले होते, त्यातले निम्मे जावेकडे. घरच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? माझ्या अनुभवात, खेड्यातला छोटा धंदा व्याजापेक्षा या लाजेपायीच जास्त वेळा बसतो. घरात आलेला पैसा सगळ्यांचा मानला जातो. मग तो दुकानाचा असो की औषधाचा.

उपाय गटातल्याच एका म्हातारीने सुचवला. माल गटाच्या अध्यक्षबाईंच्या घरी ठेवायचा, विक्री गटाच्या वहीत लिहायची. कुणी उधार मागितलं तर सखूबाईने म्हणायचं, "माझं काय चालतंय, माल गटाचा आहे."

यंदा नवरा एकटाच निफाडला गेलाय. उचल त्याने एकाच माणसाची घेतली. जाऊ अजून रुसलेली आहे.