तपासाचं बिल घरपट्टीत चढवता येतं का?

किनाऱ्यावरच्या एका गावातून एका ताईंचा प्रश्न आलाय, असले प्रश्न हल्ली वरचेवर येतात. गणपतीला मुंबईहून आलेल्या भावाची जेटीवर गाडी लावण्यावरून मारामारी झाली, गुन्हा दाखल झाला, आणि केस अजून बोर्डावर यायचीय तोवर नगरपरिषदेची नोटीस घरी: कॅमेऱ्याचं फुटेज काढायचा खर्च, पंचनाम्याला आलेल्या कर्मचाऱ्यांचा भत्ता, पोलीस गाडीचं डिझेल, एकूण 41,300 रुपये.

ताई, नोटीस ऑक्टोबरची आणि तुम्ही विचारताय फेब्रुवारीत. चार महिने कागद कपाटात ठेवून काय मिळवलंत?

मारामारीत चूक कोणाची यात मी शिरत नाही. नोटिशीची शेवटची ओळ वाचा, "रक्कम न भरल्यास मालमत्ता कराच्या थकबाकीत दर्शविण्यात येईल". सगळं इथेच अडतंय. घर वडिलांच्या नावावर, आरोपी भाऊ, आणि एकदा का हा आकडा घरपट्टीच्या बिलात चढला की तुमचं भांडण खर्चाचं न राहता कराचं होतं, तिथे अपिलाची मुदत दिवसांत मोजतात आणि आधी पैसे भरा मग ऐकतो असा कारभार असतो. म्हणून नवीन बिलं निघायच्या आत लेखी हरकत गेलीच पाहिजे.

हरकतीत एवढंच मांडा. तपास पोलिसांचा, पोलीस राज्याच्या गृहखात्याचे, मग नगरपरिषद कोणत्या कलमाखाली वसुली करतेय ते कळवा. राज्यघटनेचं कलम 265 सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येत नाही. आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्याचं, कलम 395 बघा, खटल्याचा खर्च कोर्ट देववू शकतं, पण दंडाची शिक्षा झाली तर, आणि त्या दंडाच्या रकमेतूनच. भावाला अजून शिक्षा कुठे झालीय? अहो, चार्जशीटची कॉपीसुद्धा आरोपीला फुकट द्यायची असते!

कॅलिफोर्नियातल्या इंडिओ शहरात किरकोळ नियमभंगासाठी लोकांच्या माथी खटल्याच्या वकिलांची भलीमोठी बिलं मारली गेली, शेवटी 2018 मध्ये तिथल्या राज्याला कायदा करून ते थांबवावं लागलं. आरोपीच्या खिशातून तपास चालायला लागला तर आरोपी वाढवण्यातच फायदा, आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत तो निर्दोष असूनही गुन्हा कबूल करून मोकळा होणार. मला हे अजिबात पटत नाही, इथे तर नाहीच, जिथे साधी तारीख पडायला महिने जातात.

भावाच्या हातून कॅमेरा किंवा खांब फुटला असेल तर त्या भरपाईचं वेगळं, ते कागद बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही. तुम्ही मध्यंतरी 5,000 भरलेत म्हणता, त्या पावतीवर "मान्य" असं काही लिहून सही केलीय का ते आधी तपासा, केली असेल तर ते पैसे दडपणाखाली भरले असं हरकतीतच लिहा. वडिलांच्या सहीने दोन प्रती करा, सोमवारी आवक-जावकला एक द्या आणि दुसरीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.