बॉयलरचं प्रेशर सारखं उतरतंय? गळती शोधण्याआधी काटा किती चढतो ते बघा

तुम्ही लिहिलंय त्यानुसार घर गरम करणाऱ्या बॉयलरमध्ये थंड असताना १.५ बारपर्यंत (बार हे प्रेशरचं माप) पाणी भरता, चार-पाच दिवसांत काटा ०.५ च्या खाली जातो आणि बॉयलर बंद पडतो. हीटिंग चालू असताना तोच काटा २.८ पर्यंत चढतो, आणि घरात ओल कुठेच दिसत नाही. बहुतेक जण अशा वेळी थेट ओल शोधायला लागतात. मी मात्र २.८ या आकड्यापासून सुरुवात करेन.

बंद हीटिंग सिस्टिममध्ये १०० लिटर पाणी असेल, तर १० अंशांवरून ७० अंशांवर जाताना ते सव्वादोन लिटरच्या आसपास वाढतं. या वाढीला जागा देण्याचं काम एक्स्पान्शन व्हेसल करतं: मधे रबरी डायफ्राम म्हणजे पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. हवा गेली किंवा डायफ्राम फाटला, की वाढलेल्या पाण्याला जागाच उरत नाही. प्रेशर ३ बारला पोचतं, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी बाहेरच्या नळीतून निघून जातं. बॉयलर थंड झाला की तेवढं पाणी कमी असतं, म्हणून काटा खाली. काटा उतरूनही घर कोरडं राहण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे.

म्हणून आधी सेफ्टी व्हॉल्व्हची नळी बघा. ती बहुधा भिंतीतून बाहेर निघून खाली वळवलेली तांब्याची नळी असते. तिच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी सैलसर बांधा आणि दोन दिवस हीटिंग नेहमीसारखं चालवा. तोंड आवळून बंद करू नका, ती सुरक्षेची वाट आहे. पिशवीत पाणी जमलं तर दिशा कळली. एकदा उघडलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या सीटवर गाळाचा कण अडकतो आणि मग तो १ बारलाही थेंब थेंब गळत राहतो. त्यामुळे व्हेसल दुरुस्त केलं तरी व्हॉल्व्ह गळतच राहू शकतो. आणि नुसता व्हॉल्व्ह बदलला तर नवाही थोड्याच दिवसांत गळायला लागतो. दोन्हींचा निकाल एकाच वेळी लावा.

व्हेसल तपासताना हमखास होणारी चूक म्हणजे सिस्टिममध्ये पाण्याचं प्रेशर असतानाच हवेचं प्रेशर मोजणं. तेव्हा डायफ्रामच्या दोन्ही बाजूंना सारखंच प्रेशर असतं, म्हणजे तुम्ही पाण्याचंच प्रेशर मोजता. बरोबर पद्धत अशी: वीज बंद करा, बॉयलर पूर्ण थंड होऊ द्या, खालचे फ्लो (गरम पाणी बाहेर नेणारा पाइप) आणि रिटर्नचे (ते परत आणणारा पाइप) आयसोलेशन व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी अडवणारे व्हॉल्व्ह, बंद करा, बॉयलरच्या ड्रेनमधून पाणी सोडून काटा शून्यावर आणा आणि ड्रेन उघडाच ठेवा. मग व्हेसलच्या व्हॉल्व्हवर टायरचा गेज लावा; तो व्हॉल्व्ह गाडीच्या टायरसारखाच असतो. घरगुती बॉयलरला बहुधा ०.७५ ते १ बार लागतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा व्हेसलच्या लेबलवर असतो. कमी असेल तर पायपंपाने भरा. भरताना ड्रेनमधून पाणी येतं, ते व्हेसलमध्ये साचलेलं पाणी. ते थांबलं आणि प्रेशर टिकलं, की ड्रेन बंद करा, दोन्ही व्हॉल्व्ह उघडा आणि सिस्टिम पुन्हा भरा. व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं तर डायफ्राम फाटलाय, व्हेसल बदलावं लागेल. हवा नीट आहे तरी काटा उड्या मारतोय, तर व्हेसलकडे जाणारी बारीक नळी गाळाने तुंबलेली असू शकते.

व्हेसल बऱ्याचदा बॉयलरच्या आत, मागच्या बाजूला असतं. ज्या बॉयलरचं पुढचं झाकण ज्वलनकक्षाला सीलबंद ठेवतं, तिथे ते झाकण स्वतः काढू नका. गॅसचं काम करायला अधिकृत असलेल्या तंत्रज्ञालाच बोलवा.

तुम्ही मुळात जास्त भरत असाल, हीही शक्यता धरा. बॉयलरमधलं व्हेसल साधारण ८ लिटरचं असतं. ०.७५ बार हवा असलेल्या अशा व्हेसलला १०० लिटरची सिस्टिम जोडून १ बारला भरली, तर गरम झाल्यावर हिशेबाने ती १.९ बारच्या आसपास जाते. तीच १.५ बारला भरली तर ३ ओलांडते. व्हेसल ठणठणीत असूनही! नंतर रेडिएटर (खोल्या गरम करणारी पॅनेलं) वाढवले असतील तर हा हिशेब आणखी बिघडतो, आणि मग जादा व्हेसल बसवणं हाच उपाय. रेडिएटर फार उंच मजल्यावर नसतील तर १ ते १.२ बार पुरतं. तोवर तेवढंच भरून बघा.

पिशवी कोरडी राहिली आणि व्हेसलही चांगलं निघालं, तरच गळतीकडे वळा. याच व्हेसलच्या हिशेबाने १.५ वरून १ बारला उतरायला जवळजवळ १.४ लिटर पाणी जावं लागतं. आठवड्यात तेवढं जाण्यासाठी मिनिटाला तीनेक थेंब पुरतात, आणि गरम पाइपवर ते दिसायच्या आत सुकतात. म्हणून हीटिंग बंद असताना, सकाळी थंड पाइपवर शोधा. प्रत्येक रेडिएटर व्हॉल्व्हच्या ग्लँड नटखाली (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचा नट) आणि जोडावर कोरडा टिश्यू फिरवा. हिरवट किंवा पांढरी पुटं, गंजाचे ओघळ ही जुन्या गळतीची खूण. ग्लँड नट पाव आटा आवळला की बऱ्याचदा भागतं.

काहीच सापडलं नाही तर सिस्टिमचे दोन भाग करा. रात्री बॉयलर बंद करून थंड होऊ द्या, १.२ बार भरा, फिलिंग लूप (नळाचं पाणी सिस्टिममध्ये भरायची जोडनळी) काढून ठेवा, फ्लो आणि रिटर्नचे व्हॉल्व्ह बंद करा. सकाळी काटा उतरलेला दिसला तर पाणी बॉयलरमधून जातंय. काटा जागेवर असेल, पण व्हॉल्व्ह उघडताच खाली आला, तर गळती पाइपांत किंवा रेडिएटरवर आहे. जुने व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसतील तर ही चाचणी फसते, त्यामुळे निकाल संशयास्पद वाटला तर दुसऱ्या रात्री पुन्हा करा. व्हॉल्व्ह बंद असताना बॉयलर चुकूनही चालू करू नका.

पाणी बॉयलरमधूनच जात असेल तर सेफ्टी व्हॉल्व्ह, ऑटोमॅटिक एअर व्हेंट (हवा आपोआप बाहेर सोडणारा भाग), पंपाचे वॉशर आणि मुख्य हीट एक्स्चेंजर (ज्वालेची उष्णता पाण्याला देणारा भाग) हे मुख्य संशयित उरतात. एक्स्चेंजर गळत असेल तर कंडेन्सेटच्या (जळलेल्या वायूतली वाफ थंड होऊन झालेलं पाणी) नळीतून बॉयलर बंद आणि थंड असतानाही पाणी थेंबत राहतं. कंडेन्सेट फक्त ज्वलन चालू असताना तयार होतं, त्यामुळे तासाभराने थेंब थांबायला हवेत. नळाचं पाणी गरम करणारा प्लेट एक्स्चेंजर आतून फुटला तर बहुधा उलट होतं: नळाच्या पाण्याचं प्रेशर जास्त असल्याने काटा चढतो. फिलिंग लूपचा व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल तरी काटा चढतो, आणि खरी गळती त्याखाली झाकली जाते. म्हणून चाचणीआधी लूप काढायला सांगितलं.

पाइपांतली गळती जमिनीखाली असेल तर फरशी फोडण्याआधी थर्मल कॅमेरा किंवा ट्रेसर गॅसने जागा नक्की करून घ्या. ट्रेसर गॅसमध्ये ५% हायड्रोजन आणि ९५% नायट्रोजन असतो. फटीतून वर आलेला हायड्रोजन यंत्र टिपतं. गळती बुजवणारं द्रव्य मी सहसा सुचवत नाही. बारीक फटीवर ते चालतं, पण सेफ्टी व्हॉल्व्ह किंवा व्हेसलच्या दोषावर त्याचा काडीचाही उपयोग नाही.

कारण सापडेपर्यंत रोज पाणी भरत राहणं मात्र टाळा. प्रत्येक वेळी ताज्या पाण्याबरोबर ऑक्सिजन आत जातो, रेडिएटर आतून गंजतात आणि काळा गाळ पंपात नि एक्स्चेंजरमध्ये बसतो. दुरुस्ती झाल्यावर गंजरोधक द्रव्य पुन्हा टाका, कारण आधीचं एव्हाना विरळ झालं असेल. रेडिएटरमधली हवा काढली असेल तर पहिले काही दिवस काटा थोडा उतरेल. तेवढ्याने घाबरू नका, एकदा १.२ पर्यंत भरा आणि रोज सकाळी थंड असतानाचा आकडा लिहून ठेवा. पिशवीत काय मिळालं आणि व्हेसलमध्ये हवा किती होती, ते दोन आकडे इथे कळवा.