घरच्या फर्नेसचा पंखा बंदच होत नाही. आधी काय बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओहायोत घर, तळघरात गॅसची फर्नेस. बर्नर विझला तरी पंखा रात्रंदिवस फिरतोय, थर्मोस्टॅट (घराचं तापमान लावायचं भिंतीवरचं यंत्र) ‘ऑटो’वरच आहे. मेन स्विच बंद करून परत लावला की पुन्हा सुरू. खानापूरहून आई-बाबा आलेत, त्यांना रात्रभर गार वारा लागतोय. बघायला आलेला माणूस थेट फर्नेसमधला कंट्रोल बोर्ड बदला म्हणतोय.

मी बेळगावातल्या अनगोळचा. उद्यमबागेत पॅनल वायरिंग करतो, ३० वर्षं होत आली. आमच्याकडं फर्नेस म्हटलं की लोखंड वितळवायची भट्टी. घर गरम ठेवायलाही फर्नेस असते हे मला कळलं ते मिशिगनातल्या भाच्यामुळं. बेळगावात डिसेंबरात मफलर गुंडाळला आणि रात्री दोन चादरी घेतल्या की थंडीचा विषय संपतो. दोन हिवाळ्यांपूर्वी रात्री साडेनऊला त्याचा व्हिडिओ कॉल आला (तिकडं सकाळचे अकरा), “मामा, पंखा थांबेनाच झालाय, तू बघ की जरा.” मी म्हटलं, “अरे, मी हे यंत्र जन्मात बघितलेलं नाही.” पण त्यानं पुढचं झाकण काढून मोबाइल आत धरला आणि मला हसू आलं. ट्रान्सफॉर्मर, रिले, टर्मिनल पट्टी, फ्यूज. सगळी आपलीच मंडळी!

तेव्हा पॅनलवाल्याच्या डोक्यानं सांगतो. मोटर फिरतेय ना, मग तिला हुकूम कोण देतंय ते आधी शोधायचं. सामान बदलायचं ते त्यानंतर.

त्याच्याही आधी एक. बर्नर विझल्यावर पंखा लगेच थांबत नाही आणि थांबूही नये. आत लोखंडाची पेटी तापलेली असते, तिच्यातली ऊब घरात ढकलायला तो साधारण दीड ते तीन मिनिटं फिरत राहतो. चुलीतली लाकडं मागं ओढली तरी तापलेल्या तव्यावर अजून एक भाकरी निघते, तसंच हे. म्हणून घड्याळ लावून बघा. पाच मिनिटांनंतरही फिरत असेल तरच बिघाड म्हणायचा.

थर्मोस्टॅट ऑटोवर आहे म्हणता, ठीक. पण तो नव्या पद्धतीचा, वायफायवाला असेल तर मेनूत आत जाऊन बघा. तासाला अमुक मिनिटं हवा फिरवत राहा, अशी एक सेटिंग त्यात असते. बाहेर ‘ऑटो’ दिसतं आणि आतून ती चालू असते. काखेत कळसा असला तर आधी तो काढून घ्यावा. पण मग पंखा मधून मधून तरी थांबायला हवा. तुमचा थांबतच नाही, म्हणून पुढं जाऊ.

आता मला एवढंच सांगा, घर नीट गरम होतंय का? तुम्ही लावलेल्या तापमानाला पोचतं, बर्नर शहाण्यासारखा विझतो आणि मग पंखा एकटाच फिरत बसतो? का घर मुळात तापतच नाही, बर्नर पेटतो, थोड्या वेळात विझतो, पुन्हा पेटतो आणि पंखा मात्र अखंड चालू? सगळी मेख इथं आहे.

भाच्याचं दुसऱ्या प्रकारातलं होतं. फर्नेसमध्ये एक लिमिट स्विच असतो. आतली पेटी फाजील तापली की तो उघडतो. मग बोर्ड गॅस तोडतो आणि पेटी गार व्हावी म्हणून पंखा मुद्दाम चालू ठेवतो. पेटी गार झाली की स्विच परत जुळतो, बर्नर पेटतो, परत तापतं. असं चक्र रात्रभर. बघणाऱ्याला वाटतं पंखा बिघडलाय. खरं तर तो बिचारा आग विझल्यावरही बादल्या ओतणाऱ्या माणसासारखा आपलं काम करत असतो.

आता पेटी फाजील का तापते? तिच्यावरनं पुरेशी हवा जात नाही म्हणून. मी विचारलं, “फिल्टर कधी बदललास?” तो म्हणाला, “कुठला फिल्टर?” घर घेऊन १४ महिने झाले होते! हवा परत येते त्या बाजूच्या फटीतनं त्यानं तो ओढून काढला तर गोधडीचा तुकडा निघाला. एक इंच जाडीचा साधा फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदलायचा असतो, घरात कुत्रं-मांजर असेल तर लवकरच. आणि त्यात आमच्या घरातली काटकसर: वापरात नसलेल्या तीन खोल्यांतल्या गरम हवा येणाऱ्या जाळ्या त्यानं बंद करून ठेवल्या होत्या, गॅस वाचावा म्हणून. आपण रिकाम्या खोलीतला दिवा घालवतो त्या हिशेबानं. इथं तो हिशेब उलटा पडतो, कारण हवेची वाट अडते. नवा फिल्टर घातला, जाळ्या उघडल्या, अर्ध्या तासात पंखा आपोआप थांबायला लागला. त्यालाही कुणीतरी बोर्डच बदलायला सांगितलं होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

फिल्टर स्वच्छ असूनही घर थंडच राहत असेल तर लिमिट स्विच स्वतःच उघडा राहून मेला असेल, किंवा पंख्याच्या पात्यांवर नाहीतर वरच्या एसीच्या कॉइलवर धूळ बसली असेल. एक मात्र कळकळीनं सांगतो. लिमिटच्या दोन वायरी एकत्र जोडून ‘शॉर्ट मारून’ बघू नका. आमच्या शेडमध्ये ही खोड मी पुष्कळ बघितली आहे, तात्पुरता म्हणून मारलेला शॉर्ट वर्षभर तसाच राहतो. इथं तुमच्या घरात माणसं झोपलेली असतात. बर्नरजवळ आणखी एक स्विच असतो, ज्वाला बाहेर आली तर सुटणारा, बहुतेक वेळा त्यावर दाबायचं बारीक बटण असतं. तो सुटला तरीही बऱ्याच बोर्डांवर पंखा चालू राहतो. तो सुटलेला सापडला तर बटण दाबून ‘झालं काम’ म्हणू नका. ज्वाला बाहेर येण्यामागं धुराडं तुंबलेलं किंवा पेटीला तडा गेलेला असू शकतो आणि त्यातनं कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो, ज्याला रंग नाही, वास नाही. गॅस बंद करा आणि जाणकाराला बोलवा. झोपायच्या खोल्यांजवळ त्या वायूचा अलार्म नसेल तर आजच आणा.

घर नीट तापत असेल आणि तरी पंखा थांबत नसेल, तर गोष्ट विजेची. फर्नेसचा स्विच बंद करून थर्मोस्टॅट भिंतीवरच्या पट्टीतनं उपटून काढा, मग स्विच लावा. पंखा थांबला तर दोष थर्मोस्टॅटचा. नाही थांबला तर पुन्हा बंद करून बोर्डावर जा. तिथं आर, सी, डब्ल्यू, वाय, जी अशी अक्षरं दिसतील. आर म्हणजे वीज येणारी वायर, सी म्हणजे परतीची. पंख्याचा हुकूम ‘जी’वर येतो. वायर बहुतेक हिरवी असते, पण रंगावर जाऊ नका, अक्षर बघा. ती वायर सोडवून बाजूला ठेवा, झाकण परत बसवा आणि स्विच लावा. आता थांबला तर भिंतीतनं येणाऱ्या वायरीत कुठंतरी आर आणि जी एकमेकांना चिकटलेत. एखादा खिळा आत घुसलेला असतो, किंवा उंदरानं कुरतडलेलं. या वायरींत २४ व्होल्टच असतात, त्यामुळं शॉक लागायचा नाही, पण चालू असताना आर आणि सी एकमेकांना लागले की बोर्डावरचा गाडीतल्यासारखा छोटा फ्यूज जातो. ३ किंवा ५ अँपिअरचा असतो, जेवढा आहे तेवढाच परत घाला.

जी सोडवूनही फिरतोय? मीटर असलेल्या जाणकाराला जी आणि सी यांच्यात व्होल्ट बघायला सांगा. शून्य आले, म्हणजे हुकूम नाही आणि मोटर फिरतेय. इथं माझा संशय बोर्डावरच्या रिलेवर, म्हणजे बारीक हुकमावर मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचवर. आमच्याकडं एका फौंड्रीत ब्लोअर बंद होईना म्हणून मालकानं दोन पुशबटणं बदलली होती. कॉइल कधीच सुटली होती, पण कॉन्टॅक्टरची (रिलेचाच थोरला भाऊ) टोकं ठिणग्यांनी वितळून एकमेकांना चिकटली होती. रिलेचंही तेच होतं. एक खूण सांगतो: मेन स्विच लावता क्षणी पंखा फिरायला लागला तर रिले चिकटलेला असण्याची शक्यता जास्त. बोर्डाच्या हुकमानं सुरू होत असेल तर बहुधा काही सेकंद जातात. स्विच बंद असताना रिलेवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकी टिचकी मारून बघा. मग स्विच लावा, पंखा लगेच फिरायला लागला नाही तर चोर सापडला. पण तो परत चिकटणारच, तेव्हा मग बोर्ड बदला, तो माणूस बरोबर म्हणत होता असं मीही म्हणेन.

हे साध्या मोटरचं. तुमची मोटर वेग आपोआप बदलणारी असेल तर तिला मेनची वीज कायम जोडलेली असते आणि हुकूम वेगळ्या बारीक प्लगमधनं जातो. तिथं टिचकीचा उपयोग नाही, मोटरचा स्वतःचा बोर्डही गेलेला असू शकतो. तिला हात न लावलेला बरा.

घर फार जुनं असेल तर बोर्डच नसेल. पत्र्याच्या डबीत गोल तबकडी आणि तीन काटे असलेला स्विच असेल, बाजूला दाबायचं-ओढायचं पांढरं बटण. त्याच्याजवळ लिहिलेलं वाचा, साफसफाई करताना धक्का लागून ते ‘कायम चालू’वर गेलेलं असतं, बस्स. तबकडी हातानं फिरवू नका, आतली पट्टी वाकते.

आणि तिकडं ११५-१२० व्होल्टच असतात म्हणून निर्धास्त होऊ नका, तेवढे माणसाला पुरतात. झाकण काढलं की सगळं बंद पाडणारा छोटा स्विच दाराशी असतो, तो चिकटपट्टीनं दाबून आत हात घालायचा नाही.

झाकणावर एक छोटी काच असते, तिच्यातनं बोर्डावरचा दिवा लुकलुकताना दिसतो. तो किती वेळा लुकलुकून थांबतो ते मोजा, आणि मेन बंद करण्याआधी मोजा, नाहीतर खूण पुसली जाईल. झाकणाच्या आतल्या बाजूला तक्ता चिकटवलेला असतो, त्यात त्या आकड्यासमोर काय लिहिलंय ते इथं कळवा. तोवर रात्री आई-बाबांच्या खोलीतली जाळी वर छताकडं वळवून ठेवा, पूर्ण मिटू नका.