इंग्रजीतल्या ‘टॅक’ या जहाजी शब्दाचे नेमके अर्थ कोणते?

मुख्य अर्थ तीन. शिडाचा कोपरा हा पहिला: त्रिकोणी शिडाचा वरचा कोपरा ‘हेड’, खालचा मागचा ‘क्ल्यू’ आणि खालचा पुढचा ‘टॅक’.

दुसरा अर्थ वाऱ्याच्या बाजूचा. वारा उजवीकडून येत असेल तर होडी ‘स्टारबोर्ड टॅक’वर, डावीकडून असेल तर ‘पोर्ट टॅक’वर. हा फरक नीट पाठ हवा. शिडाच्या दोन होड्या वेगवेगळ्या टॅकवर समोरासमोर आल्या, तर पोर्टवालीने वाट द्यायची, असं समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठीच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला 12 वा नियम सांगतो.

तिसरा, क्रियापद: नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्यातून पलीकडे वळवणं. शिडाची होडी थेट वाऱ्याविरुद्ध जात नाही. साधारण 45 अंशांचा कोन ठेवून नागमोडी जाते, म्हणून प्रत्येक वळण 90 अंशांच्या आसपास पडतं. आधी वेग घ्या, मग सुकाणूचा दांडा शिडाच्या बाजूला ढकला. नाळ वाऱ्यापार गेली की पुढच्या शिडाची दोरी सोडून दुसरीकडची ओढा. वेग कमी पडला तर होडी वाऱ्याकडे तोंड करून अडकते, शिडं नुसती फडफडतात, सुकाणूही लागू पडत नाही. ही अवस्था ‘इन आयर्न्स’. अशा वेळी पुढचं शीड एका बाजूला ताणून धरा. वाराच नाळ फिरवतो.

वर्तमानपत्री ‘चेंज टॅक’ म्हणजे पवित्रा बदलणं, हे इथूनच आलं. ‘चेंज टॅक्ट’ लिहिणं चूक. ‘हार्डटॅक’ मात्र वेगळा: पीठ-पाण्याचं कडक, टिकाऊ जहाजी बिस्कीट.